ओपन सोर्स कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर

निवडणुकीबद्दल गोंयकाराला काही शिकवायला जाऊ नये. पंचायतीच्या वॉर्डात कोण कुणाचा, कुठल्या वाड्यावर किती मतं, हे चहाच्या गाड्यावर तोंडपाठ असतं. पण फर्मागुडीच्या नाहीतर झुआरीनगरच्या कॉलेजातून बाहेर पडलेली, उबंटू किंवा फेडोरासारख्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) संगणक प्रणालींसाठी वर्षानुवर्षं मुकाट्याने काम करणारी मुलं-मुली 'मी प्रकल्पाच्या कौन्सिलला उभं राहू का?' एवढं विचारायलाही कचरतात. आपणच आपलं नाव कसं पुढे करायचं, ही आपल्या घरातली शिकवण. त्यात सगळा कारभार इंग्रजीत, समोर अमेरिका-युरोपातली मातब्बर मंडळी. साखळी, डिचोली, पेडण्यातून अशी विचारणा करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी भीती काढून टाकू. या जागांसाठी झुंबड उडते, हा निव्वळ गैरसमज. २०१९च्या मार्चमध्ये डेबियन या तशाच प्रणालीच्या प्रकल्पप्रमुखपदासाठी अर्ज भरायचा आठवडा संपला, तेव्हा एकही अर्ज आलेला नव्हता. मुदत आठवड्याने वाढवावी लागली, मग पाच जण उभे राहिले. उबंटूचं कम्युनिटी कौन्सिल काही काळ ओसच पडलं होतं. २०२० साली निवडणूक घेऊन ते पुन्हा उभं केलं. लायक माणसं 'दुसरं कुणीतरी बघेल' म्हणत मागे बसतात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. तेव्हा तुम्ही अर्ज भरलात तर कुणाचा घास हिरावून घेताय, असं मुळीच नाही.

आधी खुर्ची ओळखा

'कौन्सिल' या एका नावाखाली तीन अगदी वेगळी कामं येतात, आणि नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो.

पहिला प्रकार म्हणजे माणसांचा कारभार बघणारं कौन्सिल. उबंटूचं कम्युनिटी कौन्सिल या जातीचं. कुणाला सदस्यत्व द्यायचं ते ठरवणाऱ्या मंडळांवर देखरेख, गावोगावच्या स्थानिक गटांचे प्रश्न, आचारसंहितेच्या तक्रारी, दोन माणसांमधले वाद, हे त्याचं काम. कोडमध्ये काय जावं हे ते ठरवत नाही. त्यासाठी उबंटूत टेक्निकल बोर्ड वेगळं आहे. दुसरा प्रकार तांत्रिक निर्णयाचा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं स्टीअरिंग कौन्सिल घ्या. भाषेचे जनक गिदो वान रोसम यांनी जुलै २०१८मध्ये शेवटचा शब्द आपला असण्याचा अधिकार सोडला आणि २०१९च्या सुरुवातीला पाच जणांचं पहिलं कौन्सिल निवडून आलं. भाषेत काय बदल व्हावा याच्या प्रस्तावांवर तिथे निकाल द्यावा लागतो. तिसरा प्रकार नोंदणीकृत संस्थेच्या संचालक मंडळाचा. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्यांचं ग्नोम फाउंडेशन, सगळ्यांनी मिळून काढलेल्या जगाच्या नकाशाचं ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन यात येतात. पैसा, करार, नोकरवर्ग, हिशेब सगळं मंडळाच्या डोक्यावर.

या तिसऱ्या प्रकाराला उभं राहण्यापूर्वी एक गोष्ट घरी सांगून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन ही इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदलेली कंपनी आहे. मंडळावर निवडून आलात की तिथल्या कायद्याने तुम्ही संचालक. तुमचं नाव, जन्माचा महिना आणि वर्ष, पत्रव्यवहाराचा पत्ता तिथल्या सरकारी नोंदीत जगाला दिसतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण निवडून आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याने पहिल्या प्रकारातली जागा बघावी. गावच्या मंडळात, नाटकाच्या तालमीत, उत्सवाच्या समितीत रुसव्याफुगव्यांचा निपटारा केलेल्या माणसाकडे त्या कामाचं अर्धं शिक्षण आधीच असतं. मोठमोठे प्रोग्रॅमर तिथे हात टेकतात.

मतदारयादीत नाव

आपल्याकडे देवस्थानच्या समितीची निवडणूक लागली की आधी महाजनांच्या वहीत नाव आहे का ते बघतात. नाव नसेल तर तुम्ही रोज पहाटे देऊळ झाडत असलात तरी मत नाही. इथेही वहीच आधी बघतात. फरक एवढाच की ही वही जन्माने भरत नाही, कामाने भरते. आणि प्रत्येक प्रकल्पाची कामाची मोजपट्टी निराळी.

उबंटूत मत फक्त उबंटू मेंबरांना. उबंटूचं काम चालतं त्या लॉन्चपॅड या संकेतस्थळावर खातं काढायचं, आचारसंहितेवर ओपनपीजीपी किल्लीने (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीने) सही करायची, केलेलं काम विकीच्या पानावर मांडायचं, तुमच्याबरोबर काम केलेल्यांकडून दोन शब्द लिहून घ्यायचे आणि मग मंडळासमोर जायचं. काम चारदोन आठवड्यांचं चालत नाही, सहाएक महिने सातत्य दिसावं अशी अपेक्षा असते. सदस्यत्व दोन वर्षांचं. ते संपत आलं की नूतनीकरणाचा मेल येतो, आपण तो 'उद्या बघू' म्हणून ठेवतो आणि सदस्यत्व गळून पडतं. निवडणुकीचा विचार मनात आला की त्याच दिवशी लॉन्चपॅडवर जाऊन ही तारीख बघा.

अनेक सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटीस प्रणालीच्या स्टीअरिंग कमिटीला मत द्यायला मागच्या वर्षभरात निदान ५० नोंदलेली योगदानं हवीत. फेडोरात सहभागाचा करारनामा मान्य करायचा आणि त्याखेरीज आणखी एखाद्या गटात असायचं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वर्षातले ४२ दिवस नकाशात भर घातली असेल तर फाउंडेशनचं सभासदत्व फुकट मिळतं. आपल्या वाड्यावरच्या पायवाटा, तळी, घुमट्या, फेरीचे धक्के काढत बसलात तरी ४२ दिवस कधी भरले ते कळत नाही. डेबियनमध्ये मत फक्त डेबियन डेव्हलपरला. पण 'डेव्हलपर' म्हणजे पॅकेज (वापरायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) चढवणाराच असं राहिलेलं नाही. २०१० सालच्या ठरावानंतर भाषांतर, दस्तऐवज, कार्यक्रमांचं आयोजन अशी कामं करणाऱ्यांनाही पूर्ण मताधिकारासह डेव्हलपर होता येतं.

मराठी किंवा कोंकणी भाषांतर करणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. 'मी काय, नुसतं भाषांतर करते' असं म्हणणाऱ्या बायका-पोरांची आपल्याकडे वाण नाही.

ईमेलचं एक लफडं आहे, तेही इथेच सांगतो. उबंटूसारख्या प्रकल्पांनी मतदानासाठी कॉर्नेल विद्यापीठातली 'सीआयव्हीएस' ही सेवा वापरली आहे. तिच्याकडून मतपत्रिका मेलने येते, आणि तुम्ही आधी त्या सेवेवर जाऊन आपला पत्ता चालू करून घेतला नसेल तर ती येतच नाही. कॉलेजच्या मेलवर खातं उघडलेलं असतं, पदवी मिळाल्यावर तो मेल बंद होतो आणि मतदाराला पत्ताच लागत नाही की मतदान होऊन गेलं. स्वतःचा पत्ता तपासाच, पण तुमच्या गटातल्या मित्रमंडळींनाही तपासायला सांगा. उमेदवाराने करण्यासारखा हा सगळ्यात निर्मळ प्रचार.

लोकांना दिसेल असं काम

मतदार तुम्हाला भेटलेला नसतो. तुमच्या नावावर टिचकी मारून तो मागचं बघतो. म्हणून पहिलं काम, सगळीकडे नाव एकच ठेवा. लॉन्चपॅडवर एक, गिटहबवर दुसरं, गप्पांच्या खोलीत तिसरंच टोपणनाव असेल तर तुमची तीन वर्षांची मेहनत तीन अनोळखी माणसांच्या नावावर जमा होते.

कुठलं काम नजरेत भरतं? कमिटांची (कोडमधल्या नोंदलेल्या बदलांची) संख्या बघणारे थोडे असतात. वाद न घालता प्रश्न नीट मांडणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. आपल्याच लिपीतलं उदाहरण घेऊ. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतला अर्धा र काही ठिकाणी तुटून दिसतो. बग, म्हणजे दोष, नोंदवताना एक जण लिहितो, 'मराठी बरोबर दिसत नाही, कृपया दुरुस्त करा.' तो बग तसाच धूळ खात पडतो. दुसरी व्यक्ती लिहिते, की हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलंत लावून, दुसरा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन, अमुक फाँटमध्ये पहिला प्रकार नीट दिसतो, दुसरा मोडतो, ही दोन्हींची चित्रं, हा चाचणीचा मजकूर. वर हेही सांगते, की मराठीतले ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात आणि फाँटमध्ये मराठीसाठी तशी सोय ठेवता येते. देवनागरीचा गंध नसलेला माणूसही असा बग वाचून कामाला लागतो. पुढे मतपत्रिकेवर नाव दिसलं की त्याला आठवतं, ही ती फाँटवाली.

दुसरी गोष्ट, उभं राहण्याआधी निदान सहा महिने कौन्सिलच्या बैठका बघा. बहुतेक ठिकाणी त्या मॅट्रिक्स किंवा आयआरसी या ऑनलाइन गप्पांच्या खोल्यांत उघड होतात आणि त्यांचं इतिवृत्त राहतं. जुनी इतिवृत्तं उपसून काढली की तोच विषय दर तीन महिन्यांनी पुढे ढकलला जातोय हे ध्यानात येतं. तेच तुमच्या निवेदनाचं भांडवल. बैठकीत बोललंच पाहिजे असं नाही, पण 'मागच्या वेळी ठरलं होतं त्याचं काय झालं?' एवढं नम्रपणे विचारणारा माणूस कुठल्याही कौन्सिलला हवाच असतो. इतिवृत्त लिहायला कुणी तयार नसतं. ते काम अंगावर घ्या.

घड्याळ, घर आणि कचेरी

सगळ्या तारखा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. संध्याकाळी सहा यूटीसीची बैठक म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा; रात्री आठची म्हणजे मध्यरात्रीनंतर दीड. शिवाय युरोप-अमेरिकेत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे होतात, आपली होत नाहीत, त्यामुळे वेळ त्यांच्या घड्याळावर बांधलेली असेल तर मार्चनंतर तीच बैठक आपल्याकडे तासभर अलीकडे येते. अर्जाची मुदत '२३:५९ यूटीसी' असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९ पर्यंत वेळ आहे. काही ठिकाणी 'पृथ्वीवर कुठेही' असा शेरा असतो. तो यूटीसीच्या बारा तास मागचा हिशेब, म्हणजे आपल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९ मिळतात. तरी शेवटच्या रात्रीवर विसंबू नका. जूनच्या पावसात वाळपईला वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा हिशेब कुठल्याच घड्याळात नाही.

घरी सांगून ठेवा की महिन्यातून दोनतीन रात्री जागरण होईल. चवथीत घर भरलेलं असतं, तेव्हा मी नसणार, हे कौन्सिललाही आधीच सांगता येतं. त्यांच्याकडे नाताळात सगळं बंदच असतं, त्यामुळे ते समजून घेतात.

नोकरीचं मात्र हलक्यात घेऊ नका. गोव्यात बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारे आता बरेच आहेत, आणि नेमणूकपत्रात 'अन्य कामास बंदी' असं कलम असतंच असतं. पद बिनपगारी असलं तरी वरिष्ठांकडून मेलवर लेखी होकार घ्या. तोंडी 'हो रे, कर की' उपयोगाचं नाही. वर्षभराने तो वरिष्ठ दुसरीकडे गेलेला असतो.

तुमची कंपनी कुठली, हे प्रकल्पालाही हवं असतं. एकाच कंपनीची माणसं कौन्सिलवर भरू नयेत म्हणून मर्यादा असतात. पायथनमध्ये पाचांपैकी एका मालकाचे जास्तीत जास्त दोघे. कुबरनेटीसमध्ये सातांपैकी एक तृतीयांश, म्हणजे दोघेच. ग्नोममध्ये ४० टक्के. मुदतीच्या मध्यात नोकरी बदलली आणि नव्या कंपनीचे दोघे आधीच बसलेले असले, तर कुणाला तरी उठावं लागतं. म्हणून नोकरी शोधत असाल तर तेही डोक्यात ठेवा.

अर्ज

यात फार काही नाही. बहुतेक ठिकाणी स्वतःचं नाव स्वतः दिलेलं चालतं, आणि त्यात कुणी नाक मुरडत नाही. डेबियनमध्ये किल्लीने सही केलेला मेल पाठवला की झालं. तिथलं वेळापत्रक ठरलेलं: एक आठवडा अर्ज, तीन आठवडे प्रचार, दोन आठवडे मतदान. कुबरनेटीसमध्ये तीन पात्र मतदारांचा दुजोरा लागतो, तोही वेगवेगळ्या कंपन्यांतल्या. दुजोरा मागताना सगळ्यात मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ज्याने तुमचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) तपासलाय, तुमच्याशी कधी वाद घातलाय, त्याचे दोन शब्द जास्त वजनदार ठरतात.

निवेदन

इथे सावकाश चला. निवडणूक जिंकायची किंवा हरायची जागा हीच.

नवख्या उमेदवाराचं निवेदन साधारण असं असतं: 'मला ओपन सोर्सची प्रचंड आवड आहे. निवडून आल्यास सर्व घटकांना सोबत घेऊन प्रकल्पाला नव्या उंचीवर नेण्यास मी कटिबद्ध राहीन.' पंचायतीच्या पत्रकावर हे खपून जाईल. तिथे मतदार तुमच्या आजोबांनाही ओळखतो. इथे मतदाराच्या हातात फक्त ही दोन वाक्यं आहेत आणि त्यातून त्याला काहीही कळलेलं नाही.

आता हे दुसरं बघा. रचलेलं आहे, पण वळण लक्षात येईल:

'तीन वर्षं मी मराठी भाषांतराचा गट सांभाळते. आशियातल्या माणसाला जमेल अशा वेळी सदस्यत्वाची बैठकच नसते, म्हणून आमच्याकडचे अर्ज रेंगाळतात. निवडून आले तर महिन्यातून एक बैठक १४:३० यूटीसीला ठेवायचा ठराव मांडीन आणि पहिले सहा महिने ती स्वतः चालवीन. पॅकेजिंगमधलं मला फार कळत नाही. त्या विषयावर मी जाणत्यांचं ऐकेन. आठवड्याला चार तास देऊ शकते. माझी कंपनी अमुक आहे. तिचा या प्रकल्पाशी व्यवहार नाही.'

भारतीय वेळेनुसार रात्री आठची बैठक, एवढीशी मागणी. पण तिच्यात अडचण आहे, उपाय आहे, तो कोण करणार ते आहे, आणि काय येत नाही तेही आहे. ते शेवटचं लिहायला लोक घाबरतात, तरी विश्वास बसतो तो त्यानेच. आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतीत 'सगळं येतं' म्हणायची सवय लागलेली असते. ती इथे सोडा.

भाषेचं काय? निवेदन इंग्रजीतच द्यावं लागतं. मराठी शाळेत शिकलेल्यांनी आधी मराठीत लिहून काढावं, म्हणजे काय म्हणायचंय ते स्वतःला कळतं, आणि मग लहान लहान वाक्यांत इंग्रजी करावं. अर्ध्या मतदारांचीही मातृभाषा इंग्रजी नसते. जर्मन, ब्राझिलियन, जपानी माणसाला साधं इंग्रजीच आवडतं. यंत्राकडून घोटून गुळगुळीत करून घेतलेला मजकूर मात्र देऊ नका. तो आता लांबून ओळखू येतो, आणि उलट प्रश्न आला की उमेदवार उघडा पडतो.

प्रश्न येतात तेव्हा

अर्ज मंजूर झाले की उमेदवारांना उघड प्रश्न विचारतात. फेडोरात तर सगळ्यांना ठरावीक प्रश्न देऊन मुलाखती प्रसिद्ध करतात. तीन प्रश्न हमखास येतात: वेळ किती देणार, कंपनीचं हित आडवं आलं तर काय करणार, आणि दोन जुन्या कार्यकर्त्यांत बिनसलं तर काय करणार.

तिसऱ्यावर बरेच जण घसरतात. 'दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवीन' हे उत्तर ऐकायला गोड आहे. पण तक्रार छळाची असेल तर पीडिताला समोर बसवणं हाच दुसरा छळ. म्हणून असं म्हणा: आधी दोघांचं वेगवेगळं ऐकून घेईन, प्रकल्पात आचारसंहितेची समिती असेल तर प्रकरण तिच्याकडे देईन, ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, आणि त्यातला कुणी माझ्या ओळखीचा असेल तर निर्णयातून बाजूला होईन. गोव्यातल्या माणसाला हे शेवटचं खास लागू आहे. आपलं राज्य एवढंसं. म्हापशातल्या तक्रारदाराचा भाऊ तुमच्या वर्गात निघतोच.

सहसा सगळ्यांना उत्तरं द्यावीत, पण प्रत्येकाला नाही. एखादा माणूस तोच प्रश्न पाच रूपांत विचारत राहतो. एकदा नीट उत्तर देऊन थांबा. बाकीचे मतदार तुमचं थांबणंही बघत असतात.

आणि प्रचार? इथे घरोघर फिरायची रीत नाही. अनोळखी मतदारांना खासगीत 'मत द्या' म्हणून निरोप पाठवले की लोक बिथरतात. त्याहून वाईट म्हणजे आयत्या वेळी आपली माणसं सभासद करून घेणं. २०१८ साली ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या निवडणुकीच्या तोंडावर भारतातल्या एका कंपनीतून एका झटक्यात शंभर सभासद नोंदले गेले. त्याची चौकशी झाली, अहवाल निघाला, आणि भारतीय उमेदवाराकडे बघताना तो किस्सा अजूनही कुणाला तरी आठवतो. कॉलेजातल्या तीस पोरांना एका दुपारी सभासद करून घ्यायची कल्पना कुणी उत्साहाने मांडली तर तिला तिथेच आवर घाला. त्या तीसांना वर्षभर कामाला लावा. मग ती आपापली मतं आपापल्या अकलेने देतील.

मतं मोजतात कशी

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात फूल आणि दोन पानं असे दोनच पर्याय होते. दोनच असले की मोजणीची कुठलीही रीत घ्या, निकाल तोच. तिसरा उमेदवार आला की रीतच निकाल ठरवू लागते, आणि ओपन सोर्सवाल्यांना या गोष्टीचं भारी वेड. कागद घ्या.

नऊ मतदार, तीन उमेदवार: अ, ब, क. प्रत्येकाने पसंतीचा क्रम लावलाय. चौघांचा क्रम अ, ब, क. तिघांचा क, ब, अ. दोघांचा ब, क, अ.

आमदारकीसारखी फक्त पहिली पसंती मोजली तर अ ला चार, क ला तीन, ब ला दोन. अ निवडून आला.

आता ग्नोम आणि ओपनस्ट्रीटमॅप वापरतात ती संक्रमणीय मतांची रीत घ्या. जागा एकच धरू. निम्म्याहून जास्त कुणालाच नाहीत, म्हणून तळाचा ब बाद. त्याच्या दोन मतदारांची दुसरी पसंती क. क ची झाली पाच, अ ची चारच राहिली. क निवडून आला.

आता कॉन्डोर्सेची रीत. अठराव्या शतकातल्या या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ती ओळखतात. डेबियन, कुबरनेटीस आणि सीआयव्हीएस सगळे याच घराण्यातले. इथे प्रत्येक जोडीची कुस्ती लावतात. ब विरुद्ध अ: ब ला वर ठेवणारे पाच, अ ला चार. ब विरुद्ध क: ब ला सहा, क ला तीन. दोन्ही कुस्त्या ब ने मारल्या, ब निवडून आला. ज्याला सगळ्यात कमी जणांनी पहिलं स्थान दिलं होतं, तोच.

त्याच नऊ मतपत्रिका आणि तीन वेगळे विजयी. उमेदवाराने यातून काय घ्यायचं? कॉन्डोर्सेत स्वतःचे कट्टर समर्थक पुरत नाहीत; दुसऱ्याच्या समर्थकांनी तुम्हाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं तर तुम्ही जिंकू शकता. म्हणून प्रतिस्पर्ध्यावर चिखलफेक करणं ही तिथे नुसती असभ्यता नाही, तोटाही आहे. त्याची एखादी कल्पना पटली तर उघड सांगा.

कधी अ ब ला हरवतो, ब क ला, आणि क अ ला. असा फेरा पडला तर तो सोडवायचे नियम आधीच ठरलेले असतात. डेबियन त्यासाठी शुल्झे पद्धत वापरतं. डेबियनच्या मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हाही एक उमेदवारच असतो, आणि त्याच्यापेक्षा तुम्हाला वर ठेवणाऱ्यांचा किमान आकडा गाठावा लागतो: एकूण डेव्हलपरांच्या वर्गमुळाच्या निम्मे, त्याची तिप्पट. हजार डेव्हलपर असतील तर ४८. म्हणजे एकटेच उभे असलात तरी बिनविरोध गुलाल उधळता येत नाही.

फेडोरात क्रम लावत नाहीत, गुण देतात: जितके उमेदवार तितक्यांपर्यंत, शून्यापासून, प्रत्येकाला स्वतंत्र. तिथे मतदार म्हणून एक लक्षात ठेवा. ज्याला ओळखत नाही त्याला रिकामं सोडलं तर ते शून्यच धरलं जातं.

निकालानंतर

निवडून आलात तर पहिले दोन महिने नवं काही सुरू करू नका. कुठल्या किल्ल्या, कुठले पासवर्ड, कुठली अर्धवट प्रकरणं कुणाकडे आहेत त्याची यादी जुन्या सदस्यांकडून करून घ्या. मुदत संपलेला माणूस महिन्याभरात दिसेनासा होतो. तक्रारींची कागदपत्रं घरच्या सामायिक संगणकावर ठेवू नका. आणि कबूल केलेली ती १४:३०ची बैठक तेवढी लावून टाका.

मध्येच नोकरी, आजारपण, बाळंतपण असं काही आलं आणि वेळ देणं जमेना, तर गप्प बसून खुर्ची अडवू नका. एक ओळीचा राजीनामा द्या. त्यात काही कमीपणा नाही. तुमच्यानंतर सगळ्यात जास्त मतं मिळालेला माणूस काही ठिकाणी लगेच घेता येतो.

हरलात तर निकालाचा तक्ता उघडा. कॉन्डोर्सेच्या निकालात प्रत्येक जोडीचे आकडे असतात. कुणाविरुद्ध दोन मतांनी गेलात आणि कुणाविरुद्ध चाळीस, ते तिथे दिसतं. सगळ्यांविरुद्ध थोडक्यात गेला असाल तर लोकांना तुम्ही नकोसे नाही, अनोळखी आहात. वर्षभर इतिवृत्तं लिहा आणि पुन्हा अर्ज भरा. त्याच आठवड्यात विजयी झालेल्यांपैकी एकाला मेल करा, निवेदनातला तुमचा मुद्दा त्याला द्या आणि त्यातलं कुठलं काम तुम्ही उचलता ते सांगा. हरलेल्या उमेदवाराची बैठकीच्या वेळेची सूचना कौन्सिलने उचलून धरायला काहीच हरकत नसते, आणि ती बैठक चालवायला त्यांना कुणीतरी लागणारच.